घरच्यांसह माउंटन बायकिंग: सायकलच्या निवडीपासून देखभालीपर्यंत

माउंटन बायकिंगचा छंद असलेल्या पालकासमोर कधी ना कधी हा पेच उभा राहतोच: सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगराकडे निघावे, की घरी मुलांसोबत राहावे? यावर बहुतेक जण काढतात तो तोडगा म्हणजे मुलांना आणि जोडीदाराला घेऊन आपल्या नेहमीच्याच वाटेवर जाणे, फक्त अंतर थोडे कमी करून. हा तोडगा सहसा फसतो. लहान मूल दमते, जोडीदार कंटाळतो, आणि खुद्द छंदिष्टालाही ना मनासारखा व्यायाम मिळतो ना उतारावरचा वेग. माझ्या मते स्वतःसाठीची फेरी आणि घरच्यांसोबतची फेरी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या तरच दोन्ही नीट जमतात. पहिल्या फेरीत चढ, अंतर आणि वेग यांचा हिशेब आपला असतो. दुसरीत तो सर्वांत लहान स्वाराचा असतो, आणि ती फेरी चांगली झाली की नाही हे ठरवण्याची कसोटी एवढीच की ते मूल ‘पुन्हा कधी जायचे?’ असे आपणहून विचारते का.

स्वतःच्या फेरीबद्दल थोडक्यात सांगतो. आठवड्याच्या सुरुवातीलाच दिवस, निघण्याची वेळ आणि परतण्याची वेळ जोडीदाराशी बोलून ठरवावी, आणि तेवढाच मोकळा वेळ जोडीदारालाही त्याच्या आवडीच्या गोष्टीसाठी मिळेल अशी सोय करावी. एकट्याने जायचे असल्यास कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोध घ्यायचा, हे घरी सांगून निघावे. परतीची वेळ सांगताना एखादे पंक्चर काढायला लागणारा वेळही त्यात धरावा. ‘अर्ध्या तासात येतोच’ या वाक्यावरचा घरच्यांचा विश्वास एकदा उडाला की पुढच्या प्रत्येक फेरीची परवानगी महाग पडते. यापुढचे सर्व विवेचन दुसऱ्या प्रकारच्या फेरीबद्दल आहे.

मुलांची सायकल

जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली बनवलेल्या ज्या दुचाकी यंत्रापासून सायकलीचा इतिहास सुरू होतो, त्याला पेडल नव्हते. त्यावर बसून पायांनी जमीन रेटत पुढे जायचे. आजची बॅलन्स बाइक याच तत्त्वावर चालते, आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाची सुरुवात तिच्यावरच करावी, असे माझे ठाम मत आहे. सायकल चालवण्यातला खरा अवघड भाग तोल सांभाळण्याचा असतो. पेडल मारणे त्यामानाने सोपे असते, आणि बॅलन्स बाइकवर मूल आधी अवघड भागच शिकून घेते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायची आधारचाके याच्या अगदी उलट काम करतात. वळताना सायकल आतल्या बाजूला झुकावी लागते, पण आधारचाके तिला झुकू देत नाहीत, त्यामुळे मूल हँडल फिरवायला शिकते आणि झुकायला शिकत नाही. शिवाय उंचसखल जमिनीवर दोन्ही आधारचाके टेकली आणि मधले मागचे चाक अधांतरी राहिले, की पेडल कितीही मारले तरी सायकल जागची हलत नाही आणि मागचा ब्रेकही लागत नाही. डोंगरवाटेवर ही गोष्ट धोक्याची आहे.

मुलांच्या सायकली चाकाच्या मापावरून ओळखल्या जातात. साधारणपणे बॅलन्स बाइक १२ इंची चाकांची असते, चार ते सहा वर्षांसाठी १४ किंवा १६ इंची, सहा ते आठ-नऊ वर्षांसाठी २० इंची, त्यापुढे २४ इंची आणि मग प्रौढांच्या मापाकडे नेणारी २६ इंची. वयापेक्षा पायाची आतली लांबी महत्त्वाची असते, कारण एकाच वयाच्या दोन मुलांमध्ये तिचा मोठा फरक असू शकतो. मुलाने सायकलच्या मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांच्यामध्ये काही बोटांचे अंतर सहज राहिले पाहिजे. ‘वाढत्या अंगाचा आहे, पुढे पुरेल’ म्हणून एक माप मोठी सायकल घेणे हा कपड्यांच्या बाबतीत चालणारा हिशेब इथे चालत नाही. मोठी सायकल वळवता येत नाही, थांबताना पाय टेकत नाहीत, आणि ज्या वर्षी मुलाचा आत्मविश्वास वाढायला हवा त्याच वर्षी ते सायकलला घाबरू लागते.

दुसरी गोष्ट वजनाची. प्रौढ व्यक्ती आपल्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी सायकल चालवते. २० किलोच्या मुलाला ११ किलोची सायकल दिली, तर ते आपल्या निम्म्याहून अधिक वजनाचे यंत्र चढावर ढकलत असते, आणि मग ‘मुलाला आवडच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सायकलचे वजन मुलाच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या जवळपास असेल तर उत्तम, आणि चाळीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. याच कारणाने लहान मापाच्या स्वस्त सायकलींवरचे सस्पेन्शन मी टाळायला सांगतो. त्यातली स्प्रिंग बहुधा इतकी कडक असते की मुलाच्या वजनाने ती हलतच नाही, मात्र तिचे ओझे पुरेपूर वाहावे लागते. साधा न हलणारा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि दोन इंचांच्या आसपास रुंदीचे, चांगल्या पकडीचे टायर यांनी लहान मुलाचे काम अधिक चांगले होते. २४ इंची सायकलवर खरोखर खडबडीत वाटा करायच्या असतील, तेव्हा मुलाच्या वजनानुसार हवेचा दाब बदलता येणारा फोर्क घ्यावा.

टायरमधली हवा हे तर फुकटचे सस्पेन्शन आहे, पण घरोघरी मुलांच्या सायकलींचे टायर दगडासारखे कडक भरलेले दिसतात. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायलाच हवी असा त्याचा अर्थ नसतो. २५ किलोच्या मुलाला दोन इंची टायरमध्ये १५ ते २० पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे एकक) हवा पुरते. तेवढ्या दाबावर टायर दगडावर दबतो, धक्का गिळतो आणि ओलसर मातीतही धरून राहतो. हवा फारच कमी झाली तर दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चेपून तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. असे पंक्चर झाल्यास पुढच्या वेळी दोन-तीन पीएसआय वाढवावेत.

ब्रेकची तपासणी दुकानातच करावी. मुलाने हँडलवरची पकड न सोडता, दोन बोटांनी लिव्हर ओढून मागचे चाक पूर्ण अडवता आले पाहिजे. लिव्हर लांब वाटत असेल तर तिच्याजवळचा छोटा स्क्रू फिरवून ती हँडलच्या जवळ आणता येते. ही दोन मिनिटांची जुळवणी असते, आणि कित्येक पालकांना ती ठाऊकच नसते. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला असावा याची प्रथा देशोदेशी वेगळी आहे, पण घरातल्या सर्व सायकलींवर तो एकाच हाताला असावा, म्हणजे सायकलींची अदलाबदल झाली तरी घोटाळा होणार नाही. क्रँकची, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसवलेले असते त्याची, लांबीही पाहावी. प्रौढांच्या सायकलवर ती १६५ ते १७५ मिलिमीटर असते, तर मुलांसाठी उंचीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला १२० मिलिमीटरच्या जवळपास, असा ढोबळ हिशेब धरता येतो. गियर असतील तर पुढे एकच चक्र आणि मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) अशी रचना मुलांना लवकर समजते, कारण एकाच हाताने ‘सोपे’ आणि ‘जड’ एवढेच ठरवायचे असते.

जे मूल अजून स्वतः सायकल चालवत नाही त्याला सोबत न्यायचे असेल, तर एक वर्षाखालच्या बाळाला सायकलवर नेऊच नये; मान आणि डोके यांचा तोल त्या वयात धक्के आणि हेल्मेटचे वजन पेलण्याइतका पक्का नसतो. त्यानंतर मागच्या बाजूची आसने सपाट रस्त्यासाठी ठीक असतात, पण डोंगरवाटेवर मागचे उंच वजन सायकलला डोलवते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मोठ्यांच्या सीटपुढे, मधल्या दांडीवर बसणारे छोटे आसन मिळते. त्यात मूल दोन हातांच्या मध्ये राहते, त्याला पुढची वाट दिसते आणि वजनही मध्यावर येते. आसनावर दिलेली वजनाची मर्यादा पाळावी, आणि फ्रेम कार्बनची असल्यास असे आसन लावायला निर्मात्याची मुभा आहे का ते आधी पाहावे.

हेल्मेट आणि कपडे

हेल्मेटवर ईएन १०७८ (युरोपीय) किंवा सीपीएससी (अमेरिकी) यांपैकी एखाद्या मानकाचा शिक्का असावा. ते भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर, कपाळ झाकेल असे सपाट बसावे. मागे सरकवून घातलेले हेल्मेट पुढे पडताना कपाळ उघडेच ठेवते. पट्ट्यांचा इंग्रजी व्हीसारखा आकार कानाच्या खाली जुळावा आणि हनुवटीखाली एखादे बोट जेमतेम जाईल एवढीच जागा राहावी. आतला फोम आघात झेलताना स्वतः चेपतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून डोक्यावर जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे. पूर्ण बोटांचे हातमोजे मुले आनंदाने घालतात, आणि पडताना आधी तळहातच टेकत असल्याने त्यांचा उपयोगही मोठा आहे. गुडघ्याची पातळ, वाकणारी पॅड घालावीत. जाड आणि घसरणारी पॅड दर दहा मिनिटांनी वर ओढावी लागतात.

वाट कशी निवडावी

ज्या ठिकाणी सायकलसाठी राखलेले ट्रेल आहेत तिथे सहसा रंगांची श्रेणी असते: हिरवा सर्वांत सोपा, निळा मध्यम, काळा अवघड, ब्रिटनसारख्या काही देशांत निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल श्रेणीही असते. कुटुंबाची सुरुवात हिरव्यापासून करावी आणि त्यावर अनेक फेऱ्या होऊ द्याव्यात, कारण ओळखीची वाट मुलांना कंटाळवाणी वाटत नाही. उलट मागच्या वेळी पायी उतरावा लागलेला टप्पा यावेळी सायकलवरून उतरता आला, हा आनंद ओळखीच्या वाटेवरच मिळतो. खुणा नसलेल्या भागात जायचे असेल तर ती वाट आधी एकट्याने पाहून यावी, आणि ती पाहताना मोठ्यांच्या नजरेला न दिसणाऱ्या गोष्टी मुद्दाम शोधाव्यात. २९ इंची चाक ज्या मुळावरून सहज जाते तिथे १६ इंची चाक अडकते, कारण चाक जितके लहान तितका अडथळा त्याच्यापुढे उभा ठाकतो.

अंतराचा हिशेब वेळेत करावा. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी थांबे धरून तास-दीड तास पुरेसा असतो, मग त्यात तीन किलोमीटर होवोत की सहा. मोठा गोल फेरा घेण्यापेक्षा लहान फेरा दोनदा घेणे शहाणपणाचे ठरते, कारण गोल फेऱ्याच्या सर्वांत दूरच्या टोकाला मूल दमले तर परतायला जवळची वाट उरत नाही. जाऊन-येऊन करायची वाट असेल तर चढ जाताना आणि उतार येताना असावा. मूल उत्साहात असतानाच परत फिरावे. त्याचा उत्साह संपल्याचे आपल्या लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वाटेत ओढा, मोठा खडक, पक्षी दिसण्याची जागा असे काही असेल तर तेच मुक्कामाचे ठिकाण ठरवावे. मुलांना ‘चार किलोमीटर’ हे उद्दिष्ट कळत नाही, ‘ओढ्यापर्यंत’ हे कळते.

पाऊस पडून गेल्यावर माती इतकी मऊ असेल की टायरची खोल चाकोरी उमटते, तर त्या दिवशी जाऊ नये. वाळल्यावर ती चाकोरी तशीच कडक होते, पुढच्या पावसात तिच्यातून पाणी वाहते आणि वाट खचत जाते.

सराव

तंत्र शिकवण्यासाठी डोंगर लागत नाही. गवताचा मोकळा, किंचित उताराचा तुकडा पुरतो. पहिला धडा उभे राहण्याचा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपर थोडे वाकलेले, शरीर सीटपासून उचललेले आणि नजर पुढे, अशी ही स्थिती असते. या स्थितीत सायकल शरीराखाली हलू शकते आणि धक्का हातापायांत विरतो. सीटवर बसून दगड ओलांडणारे मूल प्रत्येक धक्क्याला उसळते आणि खाली असलेले पेडल दगडाला आपटते. उतारासाठी सीट काही इंच खाली करावी. प्रौढांच्या सायकलवर यासाठी बटणाने खाली जाणारी सीट असते, मुलांच्या सायकलवर थांबून हाताने करावी लागते, आणि त्या निमित्ताने विश्रांतीही होते.

दुसरा धडा ब्रेकचा, आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. लहान मुले मागचे चाक घसरवून मातीत रेघ काढण्यात रमतात. गंमत म्हणून एकदा करू द्यावे, पण चाक फिरत असतानाच ते धरून ठेवू शकते, घसरू लागले की त्याची पकड कमी होते, हे त्यांना तिथेच दाखवावे. जमिनीवर एक रेषा आखावी आणि चाक न घसरता त्या रेषेवर नेमके थांबायचा खेळ मांडावा: आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग पुढचा अगदी हलका दाबून दोन्हींनी. थांबताना वजन पुढे येत असल्याने पुढचा ब्रेक अधिक काम करतो, हे मुलांना थांबण्याच्या अंतरातला फरक पाहून आपोआप समजते. वळणात ब्रेक दाबू नये, वळणाआधी वेग कमी करावा, ही सवय इथेच लावावी.

ब्रेकचे महत्त्व समजावून सांगायला या खेळाच्या इतिहासातलीच एक गोष्ट मुलांना आवडते. कॅलिफोर्नियातील मॅरिन काउंटी येथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या जड सायकलींवरून डोंगरउताराची एक शर्यत भरवली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये (मधल्या भागात) असे आणि पेडल उलटे दाबून लावावा लागे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. यावरूनच त्या उताराला आणि शर्यतीला ‘रिपॅक’ (इंग्रजीत ‘पुन्हा भरणे’) हे नाव पडले. आजच्या डिस्क ब्रेकवरही लांब उतारावर सतत दाब ठेवला तर डिस्क तापतेच. म्हणून थोडा वेळ दाबावा, थोडा वेळ सोडावा, आणि थांबल्यावर डिस्कला हात लावू नये.

तिसरा धडा नजरेचा. मूल ज्या दगडाकडे टक लावून पाहते त्याच दगडावर जाऊन आदळते. ‘दगड चुकव’ असे सांगितल्याने त्याची नजर दगडावरच खिळते; त्याऐवजी ‘त्या झाडाकडे बघ’ असे जाण्याच्या दिशेचे ठिकाण सांगावे. मागून येताना सतत सूचना देणे टाळावे. एका फेरीत एकच गोष्ट सांगावी आणि उरलेल्या वेळी गप्प बसावे, हे पालकांना जड जाते खरे, पण मूल ऐकण्यात गुंतले की त्याचे वाटेकडे दुर्लक्ष होते.

जोडीदार नवशिका असेल तर हेच सर्व धडे त्यालाही लागू पडतात, मात्र ते शक्यतो दुसऱ्या कोणाकडून शिकावेत, अशी माझी प्रांजळ सूचना आहे. दोघांच्या ताकदीत फार अंतर असेल तर कमी ताकदीच्या व्यक्तीला विजेचे साहाय्य असलेली माउंटन बाइक उपयोगी ठरते. युरोपीय संघात अशा सायकलींची मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरनंतर साहाय्य थांबते. या सायकली सहसा वीस किलोंहून जड असतात, त्यामुळे उतारावर त्या थांबवायला अधिक अंतर लागते आणि कुंपण ओलांडायला एकट्याने उचलता येत नाहीत. प्रत्येक वाटेवर त्यांना परवानगी असतेच असे नाही, ते आधी पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष वाटेवर

दोन मोठी माणसे असतील तर एकाने पुढे आणि एकाने मागे राहावे, मुले मध्ये. पुढच्याने वेग मुलाच्या क्षमतेपेक्षा किंचित कमी ठेवावा आणि प्रत्येक फाट्यावर थांबावे. एकच मोठा माणूस असेल तर चढावर आणि सपाटीवर मागे राहावे. अवघड उतारावर मात्र आधी आपण उतरून खाली उभे राहावे आणि मग मुलाला बोलवावे. उतारावर दोघांमध्ये एवढे अंतर असावे की पुढचा पडला तर मागच्याला थांबता येईल.

चढ ही मुलांसोबतच्या फेरीतली खरी अडचण. गियर चढ सुरू होण्याच्या आधी हलका करावा. चढावर जोर लावत असताना गियर बदलला की चेन कडकडते आणि कधी निसटते. लांब चढासाठी मोठ्यांच्या सीटखाली अडकवून मुलाच्या हँडलच्या मध्यभागी बांधायची ताणणारी दोरी मिळते. या दोरीने माझ्या पाहण्यातल्या अनेक कुटुंबांच्या फेऱ्या वाचवल्या आहेत, कारण मूल स्वतःचे पेडल मारत राहते आणि फक्त कमी पडणारा जोर आपण देतो. दोरी लावलेली असताना वेग कमी ठेवावा, तीव्र वळण आल्यास आधी सांगावे, आणि माथ्यावर पोचताच ती सोडून पिशवीत ठेवावी. उतारावर दोरी कधीही लावू नये. चढ ढकलत चालण्यात कमीपणा नाही, हे मोठ्यांनी स्वतः उतरून दाखवले की मुले मान्य करतात.

खाऊ आणि पाणी मुलाने मागण्याआधी द्यावे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी छोटा थांबा घ्यावा, आणि मुलाच्या पाठीवर एखाद्या छोट्या बाटलीपेक्षा अधिक ओझे देऊ नये.

वाटेवरच्या रीतीही पहिल्या दिवसापासून शिकवाव्यात. पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यावे. घोडा दिसल्यास थांबावे, शांत आवाजात हाक द्यावी आणि मागून अचानक जवळ जाऊ नये, कारण तो बिथरू शकतो. वेगळी सूचना नसेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी. थांबायचे असेल तर वाट सोडून कडेला थांबावे, ही गोष्ट मुलांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

पिशवीत काय असावे

घरातल्या सायकलींच्या चाकांची मापे वेगवेगळी असतात, आणि पंक्चर झाल्यावर हाती असलेली ट्यूब भलत्याच मापाची आहे हे कळणे फार त्रासाचे असते. म्हणून प्रत्येक मापाची एकेक ट्यूब घ्यावी. व्हॉल्व्हचा प्रकारही पाहावा, कारण मुलांच्या सायकलींवर बहुधा मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असतो आणि मोठ्यांच्या सायकलींवर बारीक, आणि पंप दोन्हींना चालणारा हवा. अगदीच नाइलाज झाला तर २७.५ इंची ट्यूब २९ इंची टायरमध्ये ताणून बसते. याशिवाय टायर काढायच्या दोन पट्ट्या, षटकोनी चाव्यांचे घडीचे हत्यार ज्यात चेन तोडण्याची सोय असेल असे, चेनची झटपट जोडणारी कडी, ट्यूबलेस टायरची छिद्रे बुजवायच्या वाती, आणि पंधरा मिलिमीटरचा छोटा पाना घ्यावा. मुलांच्या सायकलींची चाके पुष्कळदा नटांनी बसवलेली असतात आणि घडीच्या हत्यारात तो पाना नसतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा किंवा काच शोधावी, नाहीतर दुसरी ट्यूबही त्याच जागी फुटते.

प्रथमोपचारासाठी स्वच्छ पाणी, गॉज, चिकटपट्टी आणि तिकोनी पट्टी पुरेशी आहे. खरचटलेल्या जखमेतली माती पाण्याने धुऊन काढणे हे पहिले काम. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, ओकले, झोपाळले, डोके दुखते म्हणाले किंवा क्षणभर बेशुद्ध झाले, तर सायकल तिथेच थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्याच दिवशी पुन्हा सायकलवर बसवू नये. आणखी एक दुखापत पालकांच्या ध्यानात येत नाही: वळलेल्या हँडलचे टोक पोटात बसणे. बाहेर फक्त लहानसा वळ दिसतो, पण आतल्या अवयवाला इजा झालेली असू शकते; नंतर पोट दुखत राहिले तर लगेच दवाखाना गाठावा. याच कारणाने हँडलच्या टोकांवरचे रबर फाटून आतली नळी उघडी पडली असेल तर ती सायकल दुरुस्तीआधी बाहेर काढू नये.

परत आल्यावर

सायकल धुणे हे काम मुलांना वाटेइतकेच आवडते, फक्त एक दक्षता घ्यावी. चाक फिरत असताना त्याला कोणी हात लावायचा नाही, हा नियम कडक असावा, कारण फिरत्या डिस्कच्या छिद्रांत किंवा चेन आणि चक्राच्या मध्ये बोट गेल्यास ते तुटू शकते. पाण्याचा जोराचा फवारा हब आणि क्रँकच्या बेअरिंगांवर मारू नये, कारण आतले ग्रीस निघून जाते. बादली, मऊ ब्रश आणि साबण पुरेसा आहे. चेन कोरडी झाल्यावर प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवून ते आत जिरू द्यावे आणि बाहेरचे तेल फडक्याने पुसून टाकावे. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि त्या चिखलाने चेन झिजते. तेलाचा किंवा वंगणाच्या फवाऱ्याचा अंश डिस्कवर उडाला तर ब्रेक किंचाळतो आणि लागतही नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, आणि ब्रेकच्या पॅडमध्ये तेल मुरले असेल तर पॅड बदलावीत.

चेनची झीज मोजायची साधी पट्टी मिळते. अकरा-बारा गियरांच्या चेनला ०.५ टक्के आणि त्याहून कमी गियरांच्या चेनला ०.७५ टक्के झीज दिसली की ती बदलावी. उशीर केला तर कॅसेटचे दातही तिच्या मापाने झिजतात आणि मग दोन्ही एकदम बदलावे लागतात. ट्यूबलेस टायरमधला सीलंट (छिद्रे आपोआप बुजवणारा द्रव) दोन ते सहा महिन्यांत वाळतो, उष्ण कोरड्या हवेत आणखी लवकर, म्हणून तोही मधूनमधून पाहावा.

थोरल्या भावंडाची सायकल धाकट्याकडे जाते तेव्हा नुसती सीट खाली करून भागत नाही. गियरच्या तारा आणि त्यांची आवरणे गंजून जड झालेली असतात. त्या नव्या घातल्या की लहान बोटांनाही गियर बदलता येतो. टायरच्या कडेला बारीक भेगा पडल्या असतील तर टायर बदलावेत. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावे. धाकट्याचा हात लहान असल्याने ब्रेकच्या लिव्हरचा स्क्रू पुन्हा फिरवून ती जवळ आणावी, मुलाच्या वजनानुसार टायरमधली हवा कमी करावी, आणि वाटेवर नेण्याआधी सपाट जमिनीवर दोन बोटांनी मागचे चाक अडवता येते का, हे त्याच्याकडून करवून पाहावे.